तेलानंतरचे न्हाणे

देवबागेपासून आचऱ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, ज्याच्या परसात चार माड उभे आहेत अशा कोणत्याही घरी जाऊन डोक्याला खाज सुटल्याची कैफियत मांडावी, तर घरातील वडीलधारी बाई तुमचे वय, प्रकृती अथवा आहार यांची कसलीही चौकशी न करता तत्काळ निकाल देते, "डोक्याक तेल लाव रे." केस गळत असोत, झोप येत नसो, डोळ्यांची आग होत असो किंवा परीक्षेचा अभ्यास डोक्यात शिरत नसो, निकाल तोच राहतो, आणि इतक्या परस्परभिन्न फिर्यादींना एकच कलम लागू करणारे न्यायासन सिंधुदुर्गाच्या माजघराखेरीज अन्यत्र क्वचितच आढळेल.

गेल्या श्रावणात माझ्या डोक्यालाही अशी खाज सुटली. हवेत ओल इतकी की धुतलेले धोतर तिसऱ्या दिवशीही दांडीवरून कोरडे उतरत नव्हते. मग केसांची काय कथा! आमच्या आत्याबाईंचा निकाल शिरसावंद्य मानून मी रात्री भरपूर खोबरेल थापले आणि उशीवर जुना पंचा अंथरून निजलो. सकाळी आरशात पाहतो तो कोंड्याचा मागमूस नाही. पुढील तीन रात्री त्याच विश्वासाने मी तोच प्रयोग केला, आणि चौथ्या दिवशी डोके स्वच्छ धुतले तेव्हा पूर्वीपेक्षा अधिक खाज आणि पूर्वीपेक्षा मोठे पापुद्रे हाती आले. तेलाने ते पापुद्रे भिजून केसांना आणि एकमेकांना चिकटले होते, सदऱ्यावर सांडत नव्हते, एवढाच त्या चमत्काराचा अर्थ होता. कोंडा गेला नव्हता. दृष्टिआड झाला होता. या फसगतीनंतर मी घरगुती उपायांची रीतसर रुजवात घेण्याचे ठरवले आणि पुढील सहा आठवड्यांचा तपशील एका वहीत नोंदवत गेलो.

भात सडताना दाण्यावरून जो बारीक भुसा सुटतो त्याला आपण कोंडा म्हणतो. धान्याचा हा शब्द आपल्या पूर्वजांनी डोक्यावर नेला त्यात मोठी अचूकता आहे. कारण दोन्हीकडे जे गळते ते आतल्या सजीव वस्तूचे काम संपलेले कवच असते. संस्कृत वैद्यकात याच विकाराला दारुणक असे काहीसे धडकी भरवणारे नाव आहे. केशभूमी रूक्ष आणि कठीण होते, तिला कंडू सुटतो आणि ती फुटू लागते, असे त्याचे लक्षण सांगून सुश्रुतसंहितेने त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. क्षुद्र हे विशेषण अर्थात रोगाच्या विस्ताराला उद्देशून असावे, रोग्याच्या हालांना नव्हे. या विकारावर सुश्रुताने स्नेहन, स्वेदन, अभ्यंग यांबरोबर मस्तकाची शीर तोडण्यापर्यंतचे उपाय सांगितले आहेत. परंतु माझे लक्ष वेधले ते शेवटी येणाऱ्या एका सूचनेने : डोके धुण्यासाठी कोद्रवाच्या काडाच्या राखेचे क्षारजल वापरावे. कोद्रव म्हणजे आपल्या कोकणातील वरकस जमिनीत पिकणारा हरीक. म्हणजे तेल चोळावे हे जसे शास्त्राने सांगितले, तसे ते काढून टाकावे हेही शास्त्रानेच सांगितले होते.

का काढून टाकावे, याचे उत्तर मिळण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८७४ साली लुई शार्ल मालासे या फ्रेंच संशोधकाने कोंड्याच्या पापुद्र्यांत एका सूक्ष्म बुरशीच्या पेशी पाहून त्यांचे वर्णन केले, आणि पुढे त्याच्याच नावावरून त्या बुरशीच्या कुळास मॅलॅसेझिया हे नाव मिळाले. ही बुरशी रोग्याच्याच नव्हे, तर जवळजवळ प्रत्येक मनुष्याच्या मस्तकावर वास करते. ती परकी चोर नसून घरातलीच भाडेकरू आहे. तिचे अन्न म्हणजे आपल्या त्वचेतून पाझरणारा स्निग्ध स्राव. २००७ साली मॅलॅसेझिया ग्लोबोसा या जातीचा जनुकसंच उलगडण्यात आला, तेव्हा स्वतःपुरती मेदाम्ले घडवण्याची यंत्रणाच तिच्यापाशी नाही, असे स्पष्ट झाले. त्यामुळे ती आपल्या स्रावातील स्निग्धांशाचे विघटन करते, त्यातील तिला हवी ती मेदाम्ले खाते, आणि ओलिक आम्लासारखी नको असलेली तशीच टाकून देते. ज्यांची प्रकृती मूळची नाजूक, त्यांच्या त्वचेला हे उच्छिष्ट सोसत नाही. मग साधारण चार आठवड्यांत सावकाश पक्व होऊन एकेक करून नकळत गळून जाणाऱ्या पेशी घाईघाईने वर ढकलल्या जातात आणि अर्धवट स्थितीतच झुबक्यांनी सुटतात. तोच आपला कोंडा. अशा प्रकृतीच्या माणसांच्या डोक्यावर नुसते ओलिक आम्ल लावले असता पापुद्रे सुटतात आणि इतरांच्या डोक्यावर सुटत नाहीत, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. वयात येताना त्वचेचा हा स्निग्ध स्राव वाढतो, म्हणून कोंडाही बहुधा त्याच वयात हजर होतो.

एवढे समजल्यावर तेलाच्या बाटलीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. शेंगदाण्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास आणि तिळाच्या तेलात सुमारे ४० टक्के ओलिक आम्ल असते. नारळाच्या तेलात मात्र ते १० टक्क्यांहूनही कमी, आणि निम्म्याच्या जवळपास असते ते लॉरिक आम्ल, ज्याच्या अंगी जंतूंना आवर घालण्याचा काही गुण आहे. माड दारात असल्यामुळे किनाऱ्यावरच्या बायकांनी खोबरेल निवडले हे खरे. पण दैवयोगाने त्यांच्या हाती त्यातल्या त्यात सौम्य तेल लागले, हेही खरे. १४० भारतीय स्त्रियांवर १२ आठवडे नारळतेल वापरून केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात मस्तकावरील सूक्ष्मजीवांच्या समूहात हितकर फरक पडल्याचे नमूद आहे. तथापि यावरून डोके अहोरात्र तेलात बुडवून ठेवण्याची सनद कोणास मिळत नाही. सुक्या खोबऱ्याचे घाण्यावरचे खोबरेल असो, ओला कीस उकळून काढलेले आवेल असो, की मुठीने पिळून काढलेले मुठेल असो, त्याने पापुद्रे मऊ पडतात आणि सुटे होतात. सुटे झालेले पापुद्रे बाहेर नेण्याचे काम तेलाचे नव्हे.

आता वहीतील इतर साक्षीदारांची जबानी. पहिल्या आठवड्यात लिंबाचा रस लावला. खाजवून सोललेल्या त्वचेवर तो असा झोंबला की न्हाणीतून माझा आवाज शेजारच्या वाडीपर्यंत गेला. शिवाय लिंबाच्या रसावर ऊन पडले तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या उन्हात वावरणाऱ्यांनी विसरू नये. दुसऱ्या आठवड्यात आंबट दही झाले. त्याने गारवा वाटला, पण मांजर मागे लागले. भिजवून वाटलेली मेथी आणि जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत लगदा यांनी केस मऊ झाले, खाज तात्पुरती निवली. मात्र मेथीचे कण केसांत वाळले तेव्हा कोंडा कोणता आणि मेथी कोणती हे सांगणे दुरापास्त झाले. कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने बरे वाटले, पण तो ओतून डोके धुतले गेले होते, हेही मी वहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. करंजेल एकदाच लावले. त्याच्या उग्र वासामुळे घरातील मंडळींनी दुसरी संधी दिली नाही. कांद्याच्या रसाचे नाव काढताच स्वयंपाकघरातून सक्त मनाई आली.

वहीत नसलेला, पण ज्याची वैद्यकीय परीक्षा झालेली मला ठाऊक आहे असा आणखी एक घरगुती पदार्थ म्हणजे मध. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात ३० रुग्णांच्या डोक्यास कोमट पाण्याने किंचित पातळ केलेला मध एक दिवसाआड चोळून, तीन तासांनी धुऊन टाकण्यात आला. आठवड्याभरात खाज आणि पापुद्रे गेले. पुढे ज्यांनी आठवड्यातून एकदा हा क्रम चालू ठेवला ते बरे राहिले, आणि ज्यांनी सोडला त्यांच्यापैकी बहुतेकांचा विकार उलटला. रुग्ण थोडे होते, म्हणून या निकालास अखेरचे मानता येत नाही. परंतु त्यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, लावलेला पदार्थ प्रत्येक वेळी धुतला गेला. दोन, कोंडा समूळ जात नाही, त्याचा नियमित बंदोबस्त ठेवावा लागतो.

येथे मला आमच्या जुन्या न्हाणीचे स्मरण होते. भाणात, म्हणजे न्हाणीतल्या मोठ्या भांड्यात, पाणी कढत असे. रविवारी सकाळी डोक्यावर तेल जिरवले जाई आणि त्याच सकाळी, तासा-दोन तासांच्या आत, शिकेकाईने किंवा ज्याला कोकणात रिंगी म्हणतात त्या रिठ्याने ते खसखसून काढले जाई. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले तरी अभ्यंगाची सांगता होई ती उटणे लावून केलेल्या स्नानानेच. शिकेकाईत आणि रिठ्यात फेस आणणारी सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती तेल आणि मळ यांना पाण्यात उचलून नेतात. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होते, त्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो. या द्रव्यांचा तसा साका बसत नाही. नंतर केस खळ्यातल्या उन्हात पूर्ण वाळेपर्यंत बांधायचे नाहीत, हा शिरस्ता. आम्ही पुढच्या पिढ्यांनी या तीन पायऱ्यांपैकी पहिली तेवढी सांभाळली, कारण ती सुखाची होती. डोळ्यांत झोंबणारी शिकेकाई आणि वेळ खाणारे वाळवण सोडून दिले, आणि दोष मात्र खोबरेलाला दिला.

घरगुती उपायांची मुदतही ठरलेली असावी. महिनाभर नियमाने धुऊनही फरक न पडल्यास वैद्यकीय सल्ल्याने किटोकोनॅझोलसारखे बुरशीरोधक द्रव्य असलेला शॅम्पू वापरणे श्रेयस्कर; तो लावून लगेच ओतून न टाकता सुमारे पाच मिनिटे तसाच ठेवावा लागतो, आणि या पाच मिनिटांच्या आळसापायीच पुष्कळांचा पैसा गटारात जातो. शॅम्पू हे नाव परके वाटून कोणी नाक मुरडू नये. चंपी ज्यावरून आली त्याच हिंदी क्रियापदाचे ते विलायती रूप असून, पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे स्नानगृह काढून ते लोकप्रिय केले. मात्र त्वचा लाल होऊन जाड चंदेरी खवले धरू लागले, पू झाला, ठिकठिकाणचे केस गेले, किंवा लहान मुलाच्या डोक्यात खवडे दिसले, तर ते प्रकरण कोंड्याचे नसून सोरायसिस अथवा गजकर्णाचे असू शकते; तेथे माजघराचा इलाखा संपतो आणि त्वचारोगतज्ज्ञाचा सुरू होतो.

माझ्या वहीच्या शेवटच्या दोन आठवड्यांची नोंद अगदी त्रोटक आहे : आठवड्यातून दोनदा, न्हाण्याच्या तासभर आधी थोडे खोबरेल, मग शिकेकाई, भरपूर पाणी, आणि पंच्याने पुसून कोरडे केलेले केस. खाज थांबली, पापुद्रे उरले ते नगण्य. ही वही घेऊन मी आत्याबाईंकडे गेलो आणि तुमचा निकाल अपुरा होता, तेल लावून ठेवल्याने माझा कोंडा वाढला, असे काहीशा विजयी स्वरात सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मगे धुवूक नको म्हणान कोणी सांगल्यान?" असे विचारून त्या भाणाखालचा विस्तव सारू लागल्या.