बोलता येत नाही तेव्हा

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पवनारच्या आश्रमात, नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबा भावे आजारी पडले. त्यांनी अन्न व औषध नाकारले. अनेकांनी विनवण्या केल्या, पण ते ढळले नाहीत. १५ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. निर्णय कोणास पटो वा न पटो, तो त्यांचा होता. कारण तो सांगण्याइतकी शुद्ध त्यांना होती.

परंतु शुद्धच हरपली तर? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवावे, ही लेखिका पिंकी विराणी यांची विनंती सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. तेथील परिचारिकांना त्यांनी जगावे असे वाटत होते. अरुणाताईंना स्वतःला काय हवे होते, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

ही उणीव भरून काढणारा कागद म्हणजे 'लिव्हिंग विल', जिवंतपणीचे इच्छापत्र. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने त्यास मान्यता दिली. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने बोलणाऱ्या नातलगांची नावे त्यात लिहावयाची व प्रत नगरपंचायत, ग्रामपंचायत अशा स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे द्यावयाची. मन बदलल्यास ते लेखी रद्द करता येते.

कागद दाखवताच यंत्र बंद होते, असे मात्र नाही. रोग बरा होण्याची आशा नाही, असे रुग्णालयाच्या तीन डॉक्टरांचे मंडळ ठरवते. दुसरे मंडळ ते पुन्हा तपासते. नातलगांची संमती घेतली जाते व न्यायदंडाधिकाऱ्यास कळविले जाते. सुई टोचून मरण देणे आजही गुन्हाच आहे.

मारेगावच्या माणसाला यंत्रावर ठेवण्याची वेळ आली, की गाडी यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूरकडे धावते. तेथे दाराशी उभ्या मुलाला विचारतात, "काय करायचे?" वावर विकावे, की बापाला घरी न्यावे? 'हो' म्हटले तरी टोचणी, 'नाही' म्हटले तरी लोकनिंदा. बापाने आधीच लिहून ठेवले असेल, तर ते ओझे मुलाच्या खांद्यावरून उतरते. म्हणून मित्रहो, हा विषय अभद्र मानू नका. घरची वडील माणसे बोलती आहेत तोवर, त्यांना एकदा विचारा.