अवतरणचिन्ह कोण काढतं?

वर्गात आम्ही फळ्यावर दोन वाक्यं लिहायचो. पुणे मोठं आहे. 'पुणे' दोन अक्षरी आहे. पहिल्यात गाव आहे, दुसऱ्यात शब्द. पाणिनीनं तर व्याकरणात यासाठी सूत्रच ठेवलं. निवृत्तीनंतर प्रोग्रॅमिंग शिकायला बसलो, तर हाच भेद आमच्या मानगुटीवर बसला!

'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्याच्या फाइलमधली आज्ञा सरळ कंपायलरकडे जात नाही. आधी मेक डॉलरचिन्हं आपल्या अर्थानं उलगडतो. म्हणून शेलला एक डॉलर हवा असेल तर तिथे दोन लिहायचे. मग शेल मोकळ्या जागांवर तुकडे पाडतो, अवतरणचिन्हं काढतो. उरेल ते कंपायलरला.

आम्ही आज्ञेतच आवृत्ती दिली, दुहेरी चिन्हांत "२.१०". शेलला वाटलं, चिन्हं आपल्यासाठीच आहेत. त्यानं ती सोलली. कंपायलरला मिळाला नुसता आकडा, आणि आकडा म्हणून २.१० म्हणजे २.१. आमच्या सी प्लस प्लस प्रोग्रॅमनं बिनदिक्कत २.१ छापलं. तक्रार कुणाचीच नाही! २.१०.१ असतं तर कंपायलर निदान ओरडला असता. उपाय एवढाच, की दुहेरी चिन्हांभोवती एकेरी चिन्हं घालायची. बाहेरची शेल काढतो, आतली पुढे पोचतात.

हे क्षुल्लक वाटतं ना? २००१ मध्ये आयट्यून्स २ च्या मॅकवरच्या इन्स्टॉलरमध्ये डिस्कच्या नावाभोवतीची चिन्हं राहून गेली. नावात मोकळी जागा असलेल्या काही लोकांच्या डिस्क पुसल्या गेल्या.

त्याहून बरं म्हणजे किंमत आज्ञेतून न पाठवता हेडरमध्ये लिहावी. ऑटोकॉन्फ 'कॉन्फिग डॉट एच' बनवतो तो त्यासाठीच. पण हा हेडर प्रत्येक फाइलमध्ये सर्वांत आधी यायला हवा, सिस्टिमच्या हेडरांच्याही आधी. कारण त्यातल्या व्याख्यांवर पुढच्या हेडरांचा अर्थ ठरतो. ३२ बिटी लिनक्सवर एका फाइलनं तो आधी घेतला, दुसरीनं विसरला, तर फाइलमधली जागा मोजणारा एकच प्रकार इकडे आठ बाइटांचा, तिकडे चार बाइटांचा! नाव एक, अर्थ दोन. नैयायिकांना विचारा, वाद कुठून सुरू होतात ते.

आणि हेडर बदलला हे मेकला आपोआप कळत नाही हो. जीसीसीला एमएमडी हा पर्याय द्या, म्हणजे कुठली फाइल कुठल्या हेडरवर अवलंबून आहे याची यादी तो लिहून ठेवतो. ती यादी मेकफाइलमध्ये घ्यायला मात्र विसरू नका. आम्ही विसरलो होतो, दोन दिवस जुनाच प्रोग्रॅम चालवत बसलो.