फाशीचा जंतू मातीत कसा टिकतो?

फाशी रोगाचे जंतू गुरांच्या रक्तात झपाट्याने वाढतात. जनावर मेल्यावर त्यांचे अन्न संपते. अशा वेळी बाहेरची हवा लागल्यास प्रत्येक जंतू आपल्या आत जाड कवचाचा बीजाणू तयार करतो. हा बीजाणू खात नाही, वाढत नाही. परंतु ऊन, थंडी व कोरडेपणा सोसून जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतो आणि चाऱ्यावाटे गुराच्या पोटात गेला की पुन्हा जागा होतो. हे जीवनचक्र जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये दाखवून दिले. स्कॉटलंडच्या ग्रुनार्ड बेटावर १९४२ मध्ये चाचणीसाठी हे बीजाणू सोडले गेले. ते बेट १९९० पर्यंत बंद ठेवावे लागले.

न फाडलेल्या शवात मात्र हवा शिरत नाही व ते कुजताना आतील जंतू थोड्याच दिवसांत मरतात. म्हणून जनावर अचानक मरून नाकातोंडातून काळे, न गोठणारे रक्त आल्यास शव फाडू नये, कातडे सोलू नये. हा रोग माणसासही होतो. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास ताबडतोब कळवून त्यांच्या सल्ल्याने शव जाळावे वा खोल पुरावे. रोग होऊन गेलेल्या गावी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गुरांना लस टोचून घ्यावी. एका कातड्याच्या किमतीपायी गावची जमीन वर्षानुवर्षे दूषित करून घेणे कोणासही परवडणारे नाही.