फौजेच्या मेडिकलमध्ये पोरगा अनफिट झाला, आता काय?



पोस्ट थोडी लांब आहे. पण ज्यांच्या घरी सोळा-सतरा वर्षांचा पोरगा पहाटे उठून दौड लावतो आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आपल्याच एका सभासदाच्या घरची गोष्ट आहे. त्यांना विचारूनच लिहितोय, नाव लिहीत नाही. पोरगा दोन वर्षं पहाटे पाचला उठून पळाला. अकॅडमीची फी भरायला बापाने बेपाऱ्याकडून पुढच्या मालावर उचल घेतली. पोराने लेखी परीक्षा काढली, 1600 मीटरची दौड काढली. मग मेडिकलमध्ये डॉक्टरने ठिपक्या-ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि विचारलं, यात कोणता आकडा दिसतो? पोराला आकडाच दिसला नाही. लाल-हिरव्या रंगाचा दोष निघाला. अनफिट.

घरी आला आणि महिनाभर तलावावर आला नाही. लोक विचारतील म्हणून दुकानातसुद्धा जात नव्हता.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाप म्हणाला, "भाऊ, मी याला लहानपणापासून रागावत आलो. माशाचे कल्ले लाल आहेत की काळपट पडले, हे याला कधी समजतच नव्हतं. वास घेऊन, नाहीतर बोटाने दाबून सांगायचा. मला वाटे ध्यान देत नाही."

म्हणजे खूण घरातच होती. कोणाला ओळखता आली नाही. दोन वर्षं आणि उचलीचे पैसे गेल्यावर कळलं.

म्हणून पहिली गोष्ट. दौड सुरू करण्याआधी मेडिकल करून घ्या. ते ठिपक्यांचं पुस्तक इशिहारा नावाच्या जपानी लष्करी डॉक्टरने बनवलं. 1917 मध्ये छापलं गेलं, आजही जगभर तेच चालतं. कोणत्याही डोळ्याच्या डॉक्टरकडे असतं, तपासायला पाच मिनिटं लागतात. सोबत कान, नाक, दात, पायाचे तळवे आणि गुडघे पण दाखवा. आपल्या पोरांचा जन्म पाण्यात जातो, त्यामुळे कान वाहणे आणि अंगावर गजकर्ण आपल्याकडे नेहमीचं. आपण त्याला आजार समजत नाही, फौजेचा डॉक्टर समजतो. आपल्या भागात सिकलसेलही आहे. त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, पोरगा पळायला लागायच्या आधी ती करून घ्या.

दुसरी गोष्ट. अनफिट म्हटलं की लगेच बस पकडून घरी येऊ नका. कागदावर कारण काय लिहिलं ते नीट वाचा. काही दोष दुरुस्त होतात: कानातला मळ, वाढलेलं वजन, हायड्रोसील, मूळव्याध. काही कायमचे असतात, रंगाचा दोष त्यातलाच. निकाल पटला नाही तर मिलिटरी हॉस्पिटलमध्ये पुन्हा तपासणी मागता येते, पण मुदत थोड्या दिवसांची असते. आपला बालाघाट जिल्हा जबलपूरच्या सैन्य भरती कार्यालयाखाली येतो. कुठे जायचं आणि किती दिवसांत जायचं, हे तिथेच विचारून, लिहून घेऊन मग निघायचं. "कोणीतरी आहे, सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

रंगाच्या दोषाबद्दल अजून एक. हा दोष जन्माचा असतो आणि बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला सगळे रंग बरोबर दिसतात, म्हणून तिलाही माहीत नसतं. यात तिची काही चूक नाही. घरात सुनेला बोल लावू नका. यावर औषध नाही, थेंब नाही, जडीबुटी नाही. चष्मा घालून फौजेची परीक्षा पास होत नाही. विकणारे पुष्कळ फिरतात, सावध राहा.

आता मुद्दा हा की फौजेचं दार बंद झाल्यावर माणूस काय करतो.

मुरलीकांत पेटकर यांचं नाव तुम्ही 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे ऐकलं असेल. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. फौजेत ईएमईमध्ये होते आणि बॉक्सिंग खेळायचे. 1965 च्या लढाईत गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर गेलं. आपला पोरगा तर दारावरून परत आला. हे आत जाऊन, लढून, मग कायमचे बाहेर पडले. बॉक्सिंगही गेलं. मुंबईच्या नौदल हॉस्पिटलात उपचार म्हणून त्यांना पोहायला लावलं. ते तिथून पाण्यातच पुढे गेले. 1968 मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला टेबल टेनिस खेळून आले. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात 37.33 सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पुण्याला टेल्कोमध्ये नोकरी करून संसार चालवला. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली.

सगळ्यांची पोरं पदक आणतील असं मी म्हणत नाही. मी एवढंच बघतो की पाय गेल्यावर त्यांनी जे अंग चालत होतं ते धरलं. आणि पोट भरलं ते कारखान्याच्या नोकरीने, पदकाने नाही. आपल्यालाही हाच हिशोब करायचा आहे: काय गेलं ते एकदा नीट समजून घ्यायचं, आणि काय शाबूत आहे ते मोजायचं.

रंगाचा दोष असेल तर रेल्वेत लोको पायलट होता येत नाही, सिग्नल ओळखावे लागतात. पण रेल्वेत ऑफिसची कामं आहेत, त्यांची मेडिकलची श्रेणी वेगळी आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन घेऊ नका, तारांचे रंग ओळखावे लागतात. फिटर, वेल्डर, टर्नर यांची चौकशी करा. फौजेचीच सेवा करायची इच्छा असेल तर भंडाऱ्याला जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे, जबलपूरला खमरिया आणि गन कॅरेज फॅक्टरी आहे. तिथे आयटीआयवाल्यांच्या अप्रेंटिसची जाहिरात निघते. आपल्या जिल्ह्यात भरवेली आणि उकव्याला मॉइलच्या मँगनीज खाणी आहेत. प्रत्येक ठिकाणी मेडिकल आहेच, पण ते त्या कामापुरतं असतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी जाहिरातीतलं मेडिकलचं पान वाचा. समजलं नाही तर संस्थेत घेऊन या, मिळून वाचू.

बारावी सायन्स झालेल्या पोरांसाठी जबलपूरला आणि नागपूरला मत्स्य महाविद्यालयं आहेत, बी.एफ.एस्सी. चार वर्षांची. मासे आपण पकडायचे आणि मत्स्य अधिकारी नेहमी दुसऱ्याच्या घरचा, असं किती वर्षं चालणार? ज्याला धंद्यातच राहायचं आहे त्याच्यासाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आहे. बीज केंद्र, बर्फाच्या पेटीची मोटारसायकल अशा कामांना खर्चाच्या 40 टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान अशी तिची रचना आहे. सध्या कोणत्या कामाला अर्ज चालू आहेत ते जिल्ह्याच्या मत्स्य विभागात विचारावं लागतं. मत्स्यपालकांना किसान क्रेडिट कार्डही मिळतं. बेपाऱ्याच्या उचलीपेक्षा ते कधीही बरं.

आणि एक लक्षात घ्या. 2022 पासून अग्निवीराची नोकरी चार वर्षांची आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के पोरं कायम होतात. म्हणजे जो फिट झाला त्यालाही बावीस-पंचविसाव्या वर्षी हाच प्रश्न पडणार आहे: आता काय? अनफिट पोराला तो चार वर्षं आधी पडला, एवढाच फरक. म्हणून पोरगा दौड लावत असला तरी आयटीआय किंवा कॉलेज सोडू देऊ नका.

त्या सभासदाचा पोरगा सध्या आयटीआयला फिटर करतो आहे. सुट्टीच्या दिवशी बापासोबत डोंग्यावर जातो. उचल अजून पूर्ण फिटली नाही, अर्धी राहिली आहे. कल्ल्यांचा रंग अजूनही सांगू शकत नाही, पण आता बाप विचारत नाही. पोरगा मासा दाबून, हुंगून सांगतो, ताजा आहे की नाही. त्याचं चुकल्याचं मी तरी पाहिलं नाही.

एवढी दौड, एवढी शिस्त, पहाटे उठायची सवय, ही काही मेडिकलच्या कागदाने जात नाही. पण पोरगा गप्प बसून राहिला तर वाया जाते. घरात असं पोर असेल तर टोमणे मारू नका. "त्याचा झाला, तुझा नाही झाला" हे वाक्य तर बोलूच नका. बोलता येत नसेल तर मला सांगा, मी घरी येईन.

दौड सुरू करणाऱ्या पोरांची एकत्र तपासणी करण्याचा विषय मी पुढच्या मासिक सभेत ठेवतो आहे. ज्यांची पोरं आहेत त्यांनी नाव आणि वय संस्थेत लिहून द्यावं.

आपला,
सचिव