ग्याँगजूमधील प्रेक्षणीय स्थळे

ग्याँगजू हे दक्षिण कोरियाच्या आग्नेय भागातील, उत्तर ग्याँगसांग प्रांतातील एक ऐतिहासिक शहर आहे. परंपरेनुसार इ.स.पू. ५७ मध्ये स्थापन झालेल्या व इ.स. ९३५ मध्ये लयाला गेलेल्या सिल्ला राज्याची ही राजधानी होती. सिल्लाकालीन लाकडी वास्तूंपैकी आज एकही उभी नाही. जे उरले ते दगडाचे, धातूचे किंवा मातीखाली दडलेले. त्यामुळे येथील स्थळे पाहताना मूळ अवशेष कोणते व अलीकडची पुनर्बांधणी कोणती, हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते. ह्वांगन्योंग्सा विहाराचा नऊ मजली लाकडी पॅगोडा इ.स. १२३८ मध्ये मंगोल आक्रमकांनी जाळला. त्याच्या जागी आता केवळ पायाचे दगड दिसतात.

समाधी-टेकड्या

शहराच्या मध्यभागी, घरांच्या शेजारीच, हिरवळीने आच्छादलेल्या मोठ्या टेकड्या आहेत. ही सिल्लाच्या राजांची व सरदारांची थडगी होत. देरुंगवॉन उद्यानात अशा वीसहून अधिक टेकड्या आहेत. मृतदेह व दागिने लाकडी कक्षात ठेवून त्यावर दगडगोट्यांची रास रचली जाई आणि तिच्यावर मातीचा ढीग घातला जाई. लाकूड कुजले की गोटे आत कोसळत व कक्ष बुजून जाई. आत शिरण्यास वाटच नसल्याने ही थडगी लुटारूंपासून बऱ्याच अंशी वाचली. येथील पहिला सुवर्णमुकुट इ.स. १९२१ मध्ये बांधकामासाठी जमीन खणताना अनपेक्षितपणे सापडला.

इ.स. १९७३ मध्ये उत्खनन झालेल्या चॉन्माचॉंग या थडग्याच्या आत पर्यटकांना जाता येते. खोगिराच्या बाजूस लोंबणाऱ्या, भूर्जसालीच्या चिखलरोधक पट्टीवर रंगवलेल्या ‘स्वर्गीय अश्वा’वरून त्याचे नाव पडले.

च्यॉमसॉंगदे व वोल्जी

च्यॉमसॉंगदे हा सुमारे ९ मीटर उंचीचा दगडी मनोरा सातव्या शतकात, राणी सन्दॉक हिच्या कारकिर्दीत उभारला गेला. तो वेधशाळा मानला जातो, मात्र त्याच्या उपयोगाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जवळच्या वोल्जी तलावाची निर्मिती इ.स. ६७४ मधील असून काठावरील मंडप पुनर्बांधणी केलेले आहेत. तलाव उपसल्यावर गाळातून हजारो वस्तू निघाल्या. त्यांत चौदा पृष्ठभागांचा एक लाकडी फासा होता. प्रत्येक पृष्ठभागावर मद्यपानाच्या खेळातील एकेक आज्ञा कोरलेली होती. जतनप्रक्रियेत वाळवताना तो जळून गेला. आज पाहायला मिळते ती त्याची प्रतिकृती.

बुलगुक्सा व सोक्कुराम

तोहाम पर्वतावरील या दोन बौद्ध स्थळांचा इ.स. १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आख्यायिकेनुसार मंत्री किम देसॉंग याने बुलगुक्सा विहार या जन्मीच्या मातापित्यांसाठी, तर सोक्कुराम मागील जन्मीच्या मातापित्यांसाठी बांधला. बुलगुक्साच्या लाकडी वास्तू इ.स. १५९३ मध्ये जपानी आक्रमणात जळाल्या. आजच्या विहाराचा बराचसा भाग १९६९–७३ या काळातील पुनर्बांधणीचा आहे. दगडी जिने व दाबोताप आणि सोक्काताप हे दोन पॅगोडे मात्र आठव्या शतकातील आहेत. इ.स. १९६६ मध्ये सोक्कातापच्या दुरुस्तीवेळी त्यात ठशांनी छापलेले धारणीसूत्र मिळाले. जगातील सर्वांत जुन्या उपलब्ध मुद्रित ग्रंथांत त्याची गणना होते.

सोक्कुरामला लेणे म्हटले जात असले तरी अजिंठा किंवा कार्ले येथील लेण्यांप्रमाणे ते डोंगरात कोरलेले नाही. ग्रॅनाइटचे घडीव दगड जुळवून घुमट रचला व त्यावर माती घालून गुहेचा आकार दिला. आत सुमारे साडेतीन मीटर उंचीची बसलेली बुद्धमूर्ती पूर्वाभिमुख आहे. जपानी राजवटीत, १९१३–१५ दरम्यान, दगड उतरवून पुन्हा रचताना बाहेरून काँक्रीटचे आवरण घातले गेले. त्यामुळे हवा खेळेनाशी झाली, आत दमटपणा वाढला व दगडांवर शेवाळ धरू लागले. १९६० च्या दशकात दुसरा घुमट व यांत्रिक वातानुकूलन योजले गेले. पर्यटकांना काचेच्या पलीकडूनच मूर्तीचे दर्शन घेता येते. छायाचित्रणास मनाई आहे.

इतर स्थळे

ग्याँगजू राष्ट्रीय संग्रहालयात सुवर्णमुकुटांसह इ.स. ७७१ मध्ये ओतलेली, सुमारे १९ टनांची राजा सॉंगदॉकची घंटा आहे. तिच्या ओतकामात एका बालकाचा बळी दिल्याची दंतकथा प्रचलित आहे. नामसान डोंगरावर खडकांत कोरलेल्या अनेक बुद्धमूर्ती असून त्या पाहण्यासाठी पायी चढावे लागते. यांगदोंग या पारंपरिक खेड्याचा वारसा यादीत समावेश इ.स. २०१० मध्ये झाला. शहराच्या पूर्वेस, किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्रातील खडकांत राजा मुन्मू याची समाधी मानली जाते. मृत्यूनंतर ड्रॅगन होऊन राज्याचे रक्षण करण्याची त्याची इच्छा होती, असे परंपरा सांगते.