घर भरलेलं, तरी टेन्शन कसं?

गैरसमज : एकत्र कुटुंबात टेन्शन नसतं.

वस्तुस्थिती : माणसांत राहण्याचा फायदा खराच आहे. २०१० साली १४८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा घट्ट नाती असलेल्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त आढळली. पण घरात दहा माणसं आहेत म्हणजे आधार आहे, असं नव्हे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ४२ जोडप्यांच्या हातांवर मुद्दाम बारीक फोड उठवले. एका भेटीत नवरा-बायकोने एकमेकांना धीर देणारं बोलायचं, दुसऱ्या भेटीत वादाचा विषय काढायचा. वादानंतर फोड भरायला जास्त वेळ लागला. एरवीही टोचून बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतर जोडप्यांच्या ६० टक्केच होता. जेवताना रोज चालणारी धुसफुस अशी अंगावर निघते.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या (एनसीआरबी) अहवालात आत्महत्यांच्या कारणांमध्ये कौटुंबिक समस्या पहिल्या क्रमांकावर आहेत. २०२२ मध्ये त्यांचा वाटा जवळपास ३२ टक्के होता. नव्या सुनेभोवती दिवसभर माणसं असतात, आणि माहेरचा फोन आला की सगळे ऐकत असल्याने ती ‘सगळं बरं आहे’ एवढंच सांगते. तिला भरल्या घराचं कौतुक कुणी ऐकवू नये.

गैरसमज : मन मोकळं केलं की कुणालाही हलकं वाटतं.

वस्तुस्थिती : हीजंग किम, शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेत केलेल्या प्रयोगात सहभागींना भाषण करायला लावून ताण दिला. त्याआधी काहींनी जवळच्यांकडे मदत मागणारं पत्र लिहिलं, तर काहींनी आपल्या माणसांची नुसती आठवण काढली. आशियाई वंशाच्या लोकांना आठवणीचा उपयोग झाला; मदत मागणाऱ्यांच्या लाळेत कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक उलट जास्त निघालं. युरोपीय वंशाच्यांचं नेमकं याविरुद्ध. ‘आपल्यामुळे दुसऱ्याला कशाला त्रास’ हा संकोच यामागे असावा. हा प्रयोग मराठी माणसांवरचा नाही, तेव्हा तो जसाच्या तसा लावू नये. पण गप्प बसलेल्या वडिलांना ‘बोला ना, काय झालं’ म्हणून खोदण्यापेक्षा त्यांच्यासोबत चहा घेत बसणं पुष्कळदा बरं, असं मला वाटतं.

गैरसमज : डिप्रेशन हे शहरी, शिकलेल्यांचे चोचले.

वस्तुस्थिती : गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत अंगदुखी, अशक्तपणा, झोप नाही म्हणून येणाऱ्यांमध्येही नैराश्य आणि चिंता आढळते. ‘संगाथ’ संस्थेच्या तिथल्या प्रयोगात थोडक्या प्रशिक्षणाने तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी अशा रुग्णांना मदत केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते, ही मदत नव्हती तिथे सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

घरात बोलायची सोय नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे. क्रमांक १४४१६. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.