व्रताचा उंबरठा

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, त्रयोदशीस, एकभुक्त राहावे आणि चतुर्दशीस प्रातःकाळी संकल्प करावा, असा आपला व्रतविधी आहे. देवघराप्रमाणे व्रतालाही उंबरठा असतो. याच सुमारास आपले कॅथलिक बांधवही अशाच एका उंबरठ्यावर उभे असतात, हे आमच्या सोलापूर-पंढरपूरकडील भाविकांस क्वचितच ठाऊक असते.

ईस्टरपूर्वीचा त्यांचा प्रायश्चित्तकाळ, रविवार वगळता, चाळीस दिवसांचा. जुन्या रोमन पंचांगात त्याआधीच्या तीन रविवारांना सत्तरी, साठी व पन्नाशी अशा अर्थाची लॅटिन नावे होती. पहिल्या रविवारापासूनच धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करीत आणि ‘आलेलुया’ हा जयघोष ईस्टरपर्यंत बंद होई. युरोपात पूर्वी या उपवासास मांसाबरोबर अंडी-लोणीही वर्ज्य असे. म्हणून घरातील साठा आदल्या मंगळवारपर्यंत संपवीत. इंग्लंडात त्या दिवशी अंडी-दुधाची धिरडी करण्याची चाल अद्याप आहे. श्रावणापूर्वी आपल्या माउल्या आखाड तळतात, त्याचीच आठवण व्हावी!

गोमंतकात या दिवसांस ‘इंत्रूज’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘एंत्रुदो’चा, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘इंत्रोइतुस्’, म्हणजे प्रवेश. रविवार ते मंगळवार पूर्वी परस्परांवर पीठ व रंगीत पाणी उडवीत. साष्टीच्या गावांत ‘खेळ’ नावाची लोकनाट्ये होत. कदंबांची प्राचीन राजधानी असलेल्या चांदोर गावी तर ख्रिस्ती मंडळी सोमवारी मुसळखेळ नाचतात. विजयनगरच्या हरिहराच्या विजयाची ही स्मृती, असे परंपरा सांगते. धर्म बदलला, मुसळाचा ताल राहिला!

बुधवारी सारे शांत होते. गतवर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादिलेल्या झावळ्या जाळून केलेली राख धर्मगुरू भाविकांस लावतात आणि देह मातीचा आहे, मातीस मिळणार आहे, याचे स्मरण देतात. श्रीसिद्धरामेश्वरांच्या नगरीत भस्माचा अर्थ निराळा सांगावयास नको.

परंतु 1969 च्या पंचांगसुधारणेत ते तीन रविवार गळाले. गोव्याच्या कार्निव्हलात आता चित्ररथ आणि पर्यटक यांचीच गर्दी अधिक. पुष्कळांना बुधवार आठवतही नाही. त्यांस हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. आषाढी अमावास्येची ‘गटारी’ कोणी केली? आम्ही स्वतःही तारुण्यात त्रयोदशीस आकंठ जेवून शिवरात्र ‘साधली’ आहे, आणि त्या रात्री कीर्तनात जांभया दाबीत शिवमहिमा वर्णिला आहे!

‘उपवास’ म्हणजे समीप वसणे. जो दाराशीच जत्रेत रमला, तो गाभाऱ्याशी कधी पोहोचावा? यंदा त्रयोदशीस ताटातला एक घास कमी घ्यावा. उंबरठा तेथेच आहे.